डिस्प्ले येत नाही

जुलैचा शेवटचा आठवडा. खरिपाचा पीकविमा भरायची मुदत साधारण महिनाअखेरीला संपते, आणि औसा, निलंगा, मुखेड, कंधार, कुठेही जा, सेवा केंद्रापुढे सातबारा, आधार कार्ड आणि पासबुक घेऊन माणसे सकाळपासून बसलेली असतात. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला तेव्हा तर या रांगा बघवत नव्हत्या. अशात लाईट जाते, येते. केंद्रचालक कॉम्प्युटरचे बटण दाबतो. पंख्याचा आवाज येतो, कॅबिनेटवरचा दिवा लागतो, आणि मॉनिटर काळाच्या काळा. "डिस्प्ले येईना," तो म्हणतो, आणि रांगेत चुळबुळ सुरू होते. मग वायरी हलवून बघणे, मॉनिटरवर थाप मारणे, शेवटी लातूरच्या किंवा नांदेडच्या दुकानदाराला फोन. "घेऊन या, बघतो." मोटरसायकलच्या टाकीवर कॅबिनेट ठेवून चाळीस-पन्नास किलोमीटर जायचे, एक दिवस मोडायचा, आणि तिथे कळायचे की बिघाड दहा मिनिटांचा होता.

ही पायपीट बऱ्याच वेळा टाळता येते. तक्रार डिस्प्लेची असली तरी त्यात खुद्द स्क्रीन बिघडलेली क्वचित सापडते, कारण स्क्रीन हे शेवटचे टोक आहे. कालव्याच्या टेलच्या रानात पाणी पोहोचले नाही तर शेतकरी वावराला दोष देत नाही. तो चारीच्या काठाकाठाने वर चालत जातो आणि पाणी कुठे अडले ते शोधतो. कॉम्प्युटरमध्येही बटणापासून चित्रापर्यंतचा रस्ता ठरलेला आहे, आणि कुठल्या टप्प्यावर गाडी अडली हे कॉम्प्युटर स्वतःच्या वागण्यातून दाखवतो.

तो रस्ता असा. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डला पाच व्होल्टचा बारीकसा पुरवठा करतच असतो. आपण बटण दाबतो तेव्हा मदरबोर्ड त्याला जागे होण्याचा इशारा देतो. मग एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी उभ्या करतो आणि त्या स्थिर झाल्या की 'वीज ठीक आहे' असा सिग्नल मदरबोर्डला पाठवतो. यात सेकंदाचा दहावा हिस्सा ते अर्धा सेकंद जातो, आणि तोपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेले असते. सिग्नल मिळाला की प्रोसेसर बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रामच्या, चिपमधली पहिली आज्ञा वाचतो. बायोस मग हजेरी घेते: रॅम आहे का, चालते का, ग्राफिक्स आहे का. ही चालू होतानाची स्वयंतपासणी आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीतही होती. त्यानंतर ग्राफिक्स केबलमधूनच मॉनिटरला विचारते की तू कोण, तुला कुठल्या मापाचे चित्र झेपते. मॉनिटर १२८ बाइटच्या छोट्या नोंदीत उत्तर देतो. आणि मग पहिले चित्र उमटते, कंपनीचा लोगो. पुढे डिस्कवरून विंडोज उचलली जाते, ठिपक्यांचे वर्तुळ फिरते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर ताबा घेतो, आणि लॉगिनचा पडदा येतो.

यातला लोगो हा मधला मैलाचा दगड. तो दिसला असेल तर एसएमपीएस, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, केबल आणि मॉनिटर, सगळे निदान एकदा तरी नीट चालले. दोष पुढे, म्हणजे डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये शोधायचा. लोगोच आला नाही तर विंडोजचा काही संबंध नाही, कारण गाडी तिथवर पोहोचलेलीच नाही. तरीही लोगो न येणाऱ्या मशीनला "विंडोज उडाली असेल, फॉरमॅट मारून देतो" असे सांगणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि ऐकणारेही आहेत. याचे फार वाईट वाटते, कारण त्या फॉरमॅटमध्ये एखाद्या शाळेचे निकाल जातात, एखाद्या पतसंस्थेच्या नोंदी जातात, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

एक खबरदारी. काही मॉनिटर, आणि मॉनिटर म्हणून लावलेले टीव्ही तर हमखास, जागे व्हायला चार-पाच सेकंद घेतात. तोवर लोगो येऊन गेलेला असतो. अशा वेळी कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे आणि काम करते आहे, फक्त चित्र आपल्यापर्यंत येत नाही. दिवा ढिम्म असेल तर गाडी आत कुठेतरी अडली आहे. मॉनिटरची परीक्षाही सोपी. त्याची केबल काढून तो नुसता चालू करायचा. 'नो सिग्नल' किंवा 'केबल तपासा' असा मजकूर झळकला की मॉनिटरची बाजू बरीचशी निर्दोष. आणि हो, बाजूच्या बटणाने इनपुट बघावे. मॉनिटर व्हीजीएवर ठेवलेला आणि केबल एचडीएमआयला, असे झाडू-पोछा करताना बटण दाबले गेल्यानेही होते.

आता विजेकडे. मराठवाड्यात कॉम्प्युटर वापरणाऱ्याला वीज हा विषय टाळता येत नाही. कागदावर पुरवठा २३० व्होल्टचा असतो. गावच्या ट्रान्सफॉर्मरवर भार वाढला की तो खाली येतो, आणि भार एकदम सुटला की वर उसळतो. लाईट येते त्या क्षणाचा झटका सगळ्यात वाईट, म्हणून लाईट गेली की कॉम्प्युटरच्या प्लगचे बटण बंद करून ठेवावे आणि परत आल्यावर पाचेक मिनिटे थांबून मग लावावे.

असा झटका बसल्यावर कधी कधी कॉम्प्युटर अर्धवट अवस्थेत अडकतो. पंखे फिरतात, बाकी काही नाही. बटणाने बंद-चालू करूनही फरक पडत नाही, कारण मघाशी सांगितलेला पाच व्होल्टचा पुरवठा चालूच असतो आणि एखादी चिप त्याच्या जोरावर गोंधळलेली ती गोंधळलेलीच राहते. उपाय असा: भिंतीतला प्लग उपसायचा, मग कॅबिनेटचे बटण तीसेक सेकंद दाबून धरायचे. कॅपॅसिटरमध्ये साठलेली वीज निघून जाते, चिप खरोखर विझते, आणि पुन्हा लावल्यावर ती कोऱ्या पाटीने सुरुवात करते. हा जादूटोणा वाटतो, पण अडकलेल्या कितीतरी मशीन एवढ्याने सुरू होतात. लॅपटॉपलाही हेच लागू. चार्जर काढायचा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढायची, आणि बटण धरून ठेवायचे.

यूपीएसबद्दल लोकांचा गैरसमज असा की एकदा घेतला की झाले. साध्या घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती गरमीत लवकर मरते. दर दहा अंश तापमानवाढीला आयुष्य साधारण निम्मे, असा ठोकताळा आहे. नांदेड-लातूरचा मे महिना चाळिशीच्या वर जातो, आणि यूपीएस बहुधा टेबलाखाली कोपऱ्यात, हवा न लागणाऱ्या जागी कोंबलेला असतो. दोन-तीन उन्हाळ्यांत बॅटरी संपते. मग लाईट झपकन गेली-आली तरी कॉम्प्युटर पडतो, आणि दिवसातून चार वेळा असे झाले की एक दिवस डिस्प्ले येत नाही. यूपीएसची बॅटरी ठरावीक काळाने बदलायची वस्तू आहे, मोटरसायकलच्या इंजिन ऑइलइतकी साधी. हेच तापमान मदरबोर्डवरच्या आणि एसएमपीएसमधल्या कॅपॅसिटरनाही सुकवते. कॅबिनेटची बाजू उघडल्यावर डब्याच्या आकाराच्या त्या छोट्या भागांची टोपी सपाट दिसली पाहिजे. फुगलेली दिसली, किंवा तपकिरी ओघळ दिसला, की दोष सापडला. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा मात्र कधीही स्वतः उघडू नये. २३० व्होल्टची वीज आत सव्वातीनशे व्होल्टच्या डीसीत बदलून साठवलेली असते, आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ तिथेच असते. त्या डब्यातून जळका वास आला, किंवा जाळीतून पाल आत शिरून शॉर्ट झालेली दिसली (खेड्यातल्या मशीनमध्ये हे नवल नाही), तर डबाच बदलावा.

पंखा फिरतो, लोगो येत नाही, आणि कॅबिनेटमधून बीप ऐकू येते. आता पहिला संशय रॅमवर. बायोसला चित्र दाखवता येत नाही तेव्हा तिच्याकडे एवढाच आवाज असतो. आवाजाची भाषा कंपनीगणिक वेगळी. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार, एएमआयमध्ये आठ आखूड. नव्या कॅबिनेटमध्ये तर स्पीकरच नसतो, त्याऐवजी अनेक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. ज्याचा दिवा लागून राहिला त्याच्याशी गाडी अडली.

रॅम काढून खोडरबराने पुसायची, हा आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकचा पहिला हात. तो शंभर टक्के बरोबर नसला तरी निराधारही नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावच्या हवेत जो भुसा तरंगतो तो कॅबिनेटच्या पंख्यातून आत ओढला जातो. पावसाळ्याची ओल त्यात मिसळली की रॅमच्या पट्टीवर आणि स्लॉटमध्ये पातळ थर बसतो, संपर्क तुटतो. काम असे करावे. प्लग काढायचा. कॅबिनेटचा उघडा पत्रा हाताने एकदा शिवायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. स्लॉटच्या टोकाच्या क्लिपा बाहेर दाबल्या की पट्टी वर उचलली जाते. ती कडेने धरावी. खालच्या सोनेरी दातांना बोटे लावू नयेत, कारण बोटाचा घाम पुढच्या गंजाची सोय करतो. पांढऱ्या, मऊ खोडरबराने एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसायचे. दातांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. कडक, शाईच्या खोडरबराने घासला तर तोही जातो. रबराचा भुगा ब्रशने झाडायचा, स्लॉटमध्ये फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात. मग पट्टी खाच जुळवून बसवायची आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यायचा. दोन्हीकडून 'कट्' असा आवाज आला पाहिजे. एकीकडूनच आला तर पट्टी तिरकी बसली आहे, आणि तशीच चालू केली तर पुढचा खर्च मोठा असतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. जी लावल्यावर डिस्प्ले जातो ती दोषी. खरे सांगायचे तर निम्मे काम खोडरबर करत नाही, काढून पुन्हा नीट बसवण्यानेच होते.

यापुढचा विषय सगळ्यात कमी बोलला जातो, आणि आपल्या लातूर-नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत तो सगळ्यात महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे: अर्थिंग.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, हा अनुभव इकडे इतका सर्रास आहे की लोक त्याला कॉम्प्युटरचा स्वभाव समजतात. त्याचे कारण असे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कॅपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रलपासून थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर सोडतात, या हिशेबाने की ती अर्थच्या तारेने जमिनीत जाईल. अर्थच नसेल तर पत्रा पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. त्यातून वाहू शकणारा करंट अगदी थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागते, पण तशाच झिणझिण्या खऱ्या गळतीच्याही असू शकतात, आणि त्या जिवावर बेततात. म्हणून त्याकडे कधी दुर्लक्ष करू नये.

आता याचा डिस्प्लेशी संबंध. मॉनिटर एका प्लगवर, कॅबिनेट दुसऱ्यावर, किंवा प्रोजेक्टर हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. दोघांचे पत्रे वेगवेगळ्या व्होल्टवर तरंगत आहेत, आणि अशात कोणीतरी चालू मशीनमध्ये एचडीएमआय केबल खोचतो. केबलचे कवच जुळायच्या आधी सिग्नलची पिन जुळली तर सगळा फरक त्या नाजूक पिनेतून धावतो, आणि पोर्ट जळतो. मशीन चालते, मॉनिटर चालतो, पण त्या पोर्टातून चित्र पुन्हा कधी येत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर जोडताना पोर्ट जातात ते बऱ्याचदा असेच. व्हीजीएच्या चित्रावर खालून वर सरकणारे फिकट पट्टे दिसत असतील तर तीही अर्थच्या गडबडीचीच खूण समजावी. दोन साध्या सवयी पोर्ट वाचवतात: दोन्ही यंत्रे एकाच बोर्डवरून चालवायची, आणि डिस्प्लेची केबल दोन्ही बंद असतानाच जोडायची.

पण तीन पिनांचा प्लग लावला म्हणून अर्थ मिळतोच असे नाही. कितीतरी बोर्डांत तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नसते. जोडलेली असली तर ती जाते अंगणातल्या खड्ड्यात, जिथे पत्रा किंवा पाइप पुरून भोवती मीठ आणि कोळसा भरलेला असतो. हा खड्डा ओलाव्यावर चालतो. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही, म्हणून त्यात पाणी घालत राहावे लागते. आणि नेमके इथे आपला प्रदेश आड येतो. काळी माती ओली असताना फुगते, वाळली की आक्रसून भेगा पडतात, त्या भेगा पुरलेल्या पाइपालाही मातीपासून सोडवतात. खाली लवकरच बसाल्टचा कडक थर लागतो, देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट. खड्डा खोल जात नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. पिण्याला पाणी नाही तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओतायचे कोणाला सुचणार, आणि सुचले तरी कोण ओतणार? उन्हाळ्यात कॉम्प्युटर जास्त का बिघडतात याचे कारण लोक फक्त उकाड्यात शोधतात. अर्धे कारण अंगणातल्या कोरड्या खड्ड्यात असते.

तपासणी वायरमनकडून करून घ्यावी. मल्टिमीटरने फेज ते अर्थ मोजले तर फेज ते न्यूट्रलइतकेच व्होल्ट यायला हवेत, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच्या आसपास. तिथे वीस-तीस दिसले तर खड्ड्याकडे बघायची वेळ झाली. हातपंपाजवळ किंवा सांडपाणी मुरते त्या जागी खड्डा घेतला तर वेगळे पाणी घालावे लागत नाही. ग्रामपंचायतीला किंवा शाळेला कॉम्प्युटर मंजूर होतात तेव्हा त्याच कागदावर अर्थिंगचाही खर्च मंजूर व्हायला हवा. त्यावाचून दिलेली दहा मशीनची लॅब काही वर्षांत पाच मशीनची होते.

केबलबद्दल थोडक्यात. ग्राफिक्स कार्ड वेगळे बसवले असेल तर मॉनिटर त्या कार्डाच्या पोर्टला लावायचा, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही. अनेक मशीनमध्ये कार्ड बसले की मदरबोर्डचे पोर्ट आपोआप बंद होतात. डिस्प्ले येत नाही म्हणून परत आणलेल्या नव्या मशीनमध्ये ही चूक वरचेवर सापडते.

जुन्या कार्यालयांत अजून दिसणारी निळ्या टोकाची व्हीजीए केबल आयबीएमने १९८७ मध्ये आणली. तिच्या १५ पिनांपैकी पहिली लाल, दुसरी हिरवा आणि तिसरी निळा रंग नेते. म्हणून चित्राच्या रंगावरूनच तुटलेली पिन सांगता येते: स्क्रीन पिवळी पडली तर निळा हरवला, जांभळट-गुलाबी झाली तर हिरवा, आणि निळसर-हिरवी झाली तर लाल. केबल काढून टोकात डोकावले की वाकलेली पिन दिसते. बारीक चिमट्याने सरळ करता येते. त्यातच मॉनिटरची ओळख सांगणाऱ्याही पिना आहेत. त्या वाकल्या तर चित्र येते, पण अक्षरे बटाट्याएवढी, कारण कॉम्प्युटरला मॉनिटरची माप-क्षमता कळत नाही आणि तो सगळ्यात साधे चित्र पाठवतो.

काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत 'सीमॉस' आणि 'एफ १ दाबा' असा मजकूर येऊन थांबत असेल तर घाबरायचे कारण नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल, सीआर २०३२, संपला आहे. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. ज्या कार्यालयात संध्याकाळी मेन स्विचच पाडतात तिथे तो लवकर संपतो, कारण प्लग चालू असताना घड्याळ मदरबोर्डच्या विजेवर चालते आणि सेल वाचतो. सेल बदलून तारीख नीट लावावी. तारीख मागे राहिली की सरकारी पोर्टल सुरक्षिततेचा इशारा देऊन उघडतच नाहीत, आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो.

आता रस्त्याचा दुसरा अर्धा भाग. लोगो आला, ठिपके फिरले, आणि मग अंधार. इथे वीज, रॅम, केबल यांच्यामागे न लागता विंडोजकडे बघायचे. आधी विंडोज, कंट्रोल आणि शिफ्ट या तिन्ही कळा धरून 'बी' दाबावे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बारीक आवाज येतो, आणि कधी कधी तेवढ्यानेच चित्र परतते. विंडोजची कळ धरून 'पी' दाबल्यास चित्र दुसऱ्या, न लावलेल्या स्क्रीनवर गेले असेल तर तेही सुटते. काळ्या पडद्यावर माउसचा बाण फिरत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तिथून 'एक्सप्लोरर' चालवावा.

एवढ्याने भागले नाही तर सेफ मोड. त्यात विंडोज ग्राफिक्सच्या कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरते. सेफ मोडमध्ये चित्र नीट दिसले की दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये आहे. तो काढून जुना घालायचा. एफ ८ ची जुनी सवय विंडोज ८ पासून चालत नाही. ठिपके फिरत असताना बटण धरून मशीन बंद करायचे, असे लागोपाठ दोन-तीनदा झाले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा उघडते, आणि तिथून सेफ मोडचा रस्ता मिळतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नसते. पटकन सुरू व्हावे म्हणून विंडोज आपली अंतर्गत अवस्था डिस्कवर जपून ठेवते आणि बिघडलेला ड्रायव्हरही तसाच जपला जातो. 'रीस्टार्ट' मात्र सगळे नव्याने करते. म्हणून अशा तक्रारीत बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट गुणकारी.

चांगल्या मशीनलाही एक फाइल कशी अडवते हे जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेप्रमाणे सकाळी पावणेदहाच्या सुमारास जगभरच्या मशीनवर उतरली आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर येऊन थांबले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या मशीनपैकी एकाचीही स्क्रीन बिघडलेली नव्हती. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसण्याचा, आणि तो बहुतेक ठिकाणी माणसाने मशीनपाशी जाऊन हाताने करावा लागला. अनेकांचे घोडे तिथेही अडले, कारण डिस्क कुलूपबंद होती आणि तिची रिकव्हरी की कोणाजवळ नव्हती. नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप बऱ्याचदा आपल्या नकळत लागलेले असते. ती की आजच शोधून कागदावर लिहून ठेवावी. अशा पडद्यावर जो कोड, आणि असेल तर चौकोनी क्यूआर, येतो त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. मेकॅनिकला त्याचा उपयोग दहा मिनिटांच्या वर्णनाहून जास्त होतो.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. काळी स्क्रीन डेटा पुसत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फाइली बहुतेक वेळा जशाच्या तशा मिळतात, आणि कुठलाही प्रामाणिक दुकानदार फॉरमॅटआधी हे करून देतो. तसे आधी मागावे.

लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी, कारण स्क्रीन झाकणात असते आणि तिची केबल बिजागरीतून वळत जाते. झाकण एका ठरावीक कोनात ठेवले की चित्र येते आणि हलवले की जाते, असे असेल तर ती केबल झिजली आहे. स्क्रीन काळी दिसते पण मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की आत अंधुक चित्र दिसते, तर चित्र तयार होते आहे, मागचा प्रकाश गेला आहे. घरच्या टीव्हीला एचडीएमआयने जोडून तिथे चित्र आले तर मदरबोर्ड शाबूत आहे आणि खर्च फक्त झाकणातला. दुकानात जाण्याआधी ही परीक्षा घरी जरूर करावी. मदरबोर्ड बदलण्याची आणि केबल बदलण्याची किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

२००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींना कॉम्प्युटरपुढे बसवले, याचे मोल मोठे आहे. पण त्याच मुलांच्या हाती पुढे सेवा केंद्रे आली, आणि कॅबिनेट कसे उघडायचे हे फार थोड्यांना माहीत आहे. विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, लातूरचे शासकीय तंत्रनिकेतन, तालुक्यातालुक्यातले आयटीआय इथे हे शिकवू शकणारे लोक आहेत. जूनमध्ये, विम्याची आणि प्रवेशाची गर्दी सुरू होण्याआधी, केंद्रचालकांना एक दिवस बोलावून जुन्या मशीनवर रॅम काढणे-बसवणे, बीप ओळखणे आणि अर्थ मोजणे शिकवले, तर त्या पावसाळ्यात कितीतरी शेतकऱ्यांचा दिवस वाचेल.

आणि तोवर, दुकानदाराला फोन करायचाच झाला तर चार गोष्टी सांगाव्यात: कॅबिनेटचा पंखा फिरतो का, लोगो दिसतो का, बीप किती आणि कशी येते, कॅप्स लॉकचा दिवा लागतो का. "लोगो येतो, ठिपके फिरतात, मग काळे होते" असे सांगितले तर तो सेफ मोडचे पाऊल फोनवरच सांगेल. "पंखा फिरतो, लोगो नाही, बीप सारखी चालू" म्हटले तर येताना रॅमची पट्टी खिशात घालून येईल. "काहीच हलत नाही" असेल तर एसएमपीएस आणेल. नुसते "डिस्प्ले येत नाही" सांगितले तर त्याच्यापुढे "घेऊन या" म्हणण्यावाचून पर्याय राहत नाही.